टॅसिटस कसा वाचावा आणि कुठे सावध राहावं

तळटीप

आतल्या गाठीचा टायबेरियस, बायकांच्या ओंजळीने पाणी पिणारा क्लॉडियस, सख्ख्या आईच्या जिवावर उठलेला नीरो. रोमच्या सम्राटांची ही जी चित्रं आपल्या डोक्यात पक्की बसली आहेत, त्यांतले रंग बहुतांशी एकाच माणसाने भरले आहेत: रोमन इतिहासकार कॉर्नेलियस टॅसिटस. "टॅसिटस म्हणतो" असं लिहिणारे खूप. तो नेमकं काय म्हणतो, कोणाच्या तोंडून म्हणतो आणि स्वतः त्याची जबाबदारी घेतो का, हे बघणारे कमी. हा धागा त्यासाठी.

आधी माणूस. जन्म इ.स. ५६ च्या आसपास, ८८ मध्ये प्रीटर (वरिष्ठ न्यायाधिकारी), ९७ मध्ये कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च पद), ११२-११३ च्या सुमारास एशिया प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) सुभेदार. म्हणजे दरबाराबाहेर बसून टीका करणारा नव्हे. सम्राट डोमिशियनच्या जुलमी काळात तो पायरी पायरीने वर चढला, आणि हे तो हिस्टरीजच्या सुरुवातीलाच कबूल करतो. त्याच्या लिखाणातला कडवटपणा बऱ्याच अंशी या कबुलीतून येतो असं माझं मत आहे. सिनेट कशी लाचार झाली हे लिहिणारा स्वतः त्या बाकांवर बसलेला होता.

लिखाण पाच. ९८ साली दोन छोटी पुस्तकं: सासऱ्याचं चरित्र 'ॲग्रिकोला' आणि जर्मन टोळ्यांवरचं 'जर्मेनिया'. दोन्हींची प्रकरणं ४६ - ४६, एका बैठकीत होतात. तिसरा, वक्तृत्वकला का ढासळली यावरचा संवाद. आणि मग दोन मोठी कामं: 'हिस्टरीज' (इ.स. ६९ ते ९६) आणि त्यानंतर लिहिलेली पण आधीचा काळ सांगणारी 'ॲनल्स' (१४ ते ६८). सेंट जेरोम या दोन्हींचे मिळून ३० भाग सांगतो. भाग म्हणजे पपायरसच्या एका गुंडाळीत मावेल इतका मजकूर.

आज उरलंय ते असं: हिस्टरीजचे पहिले चार भाग आणि पाचव्याचा तुकडा, म्हणजे फक्त ६९ आणि ७० ही दोन वर्षं. ॲनल्सचे १ ते ४, पाचव्याची जेमतेम सुरुवात, जवळजवळ सगळा सहावा, आणि अकराव्याच्या मध्यापासून सोळाव्याच्या मध्यापर्यंत. गेलं काय ते ध्यानात ठेवा: टायबेरियसचा उजवा हात सेजानस याचा पाडाव (इ.स. ३१ चा ऑक्टोबर), कॅलिग्युलाची अख्खी कारकीर्द, क्लॉडियसची पहिली सहा वर्षं, नीरोची शेवटची दोन, आणि डोमिशियन पूर्ण. त्यामुळे "टॅसिटसने कॅलिग्युलाच्या वेडाचं वर्णन केलंय" असं कुठे दिसलं तर ते स्वेटोनियस किंवा कॅसियस डिओ या दुसऱ्या लेखकांवरून उचललेलं आहे एवढं नक्की समजा.

आता वाचायचं कसं. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. पहिली, तो स्वतःच्या नावावर सांगतो त्या गोष्टींसाठी. दुसरी, "लोक म्हणत", "काहींच्या मते", "अशी कुजबुज होती" यासाठी. तिसरी, हेतू चिकटवणाऱ्या शब्दांसाठी: "भीतीपोटी", "मनात वेगळंच ठेवून", "मत्सराने". ॲनल्स १५.३८ - ४० वर (भाग १५, प्रकरणं ३८ ते ४०), म्हणजे ६४ सालच्या रोमच्या आगीवर, हा प्रयोग करून बघा.

पहिल्या पेन्सिलीखाली काय येतं? शहराचे १४ विभाग. चार शाबूत, तीन जमीनदोस्त, उरलेल्या सातांत घरांचे अर्धेमुर्धे जळके सांगाडे. आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता. परतल्यावर त्याने मार्सचं मैदान, अग्रिप्पाच्या इमारती आणि स्वतःच्या बागा बेघरांना उघडून दिल्या, तात्पुरत्या झोपड्या बांधवल्या, धान्याचा भाव तीन सेस्टर्सपर्यंत (रोमन नाणी) खाली आणला. सगळं कौतुकाचंच की. पण प्रकरणाचा पहिलाच शब्दसमूह असा: हा अपघात की सम्राटाचा कावा, हे अनिश्चित. आणि मदतीची यादी संपल्या संपल्या दुसरी पेन्सिल: या कशाचाच उपयोग झाला नाही, कारण अशी वार्ता पसरली होती की शहर जळत असताना तो घरच्या रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गात होता.

नीरोने आग लावली असं टॅसिटस कुठेच म्हणत नाही. वाचून उठणारा माणूस मात्र तेच म्हणत उठतो. त्याची सगळी कला इथे आहे. माहिती बहुतेक बरोबर असते, पण ती मांडण्याचा क्रम तुम्हाला हाताला धरून दुसरीकडे नेतो.

---

खवचट खारीक

पेन्सिलींची कल्पना आवडली. पण मुळातच एक शंका. हा सगळा टॅसिटसच पंधराव्या शतकातल्या पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाने बनवला, असं एक मत वाचलंय. हस्तलिखितं उशिराची, मधल्या काळात कोणी फारसा उल्लेख करत नाही वगैरे. त्याचं काय?

---

पोथीवाचक

एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन रॉसने (१८७८) आणि पुढे फ्रान्समध्ये होशारने हा वाद घातला होता. तो तिथेच बुडाला. कारणं सांगतो.

ॲनल्सचे दोन अर्धे दोन वेगळ्या पोथ्यांतून आले, आणि त्या एकमेकींना ओळखतही नाहीत. १ ते ६ भागांची एकच पोथी: नवव्या शतकातली, कॅरोलिंजियन लहान अक्षरांतली, जर्मनीत लिहिलेली. ती कोर्फायच्या मठात होती, तिथून १५०८ च्या सुमारास चोरीला गेली आणि रोमला पोचली. पुढे पोप झालेल्या दहाव्या लिओच्या ताब्यात आली आणि १५१५ मध्ये बेरोआल्दोने तिच्यावरून छापील प्रत काढली. लिओने मठाला मूळ पोथी परत केली नाही. छापील प्रत छान बांधून पाठवली, वर पापक्षालनाचं पत्र. मठवाल्यांना काय वाटलं असेल ते असो.

११ ते १६ आणि हिस्टरीज यांची पोथी वेगळी: अकराव्या शतकातली, इटलीतल्या मॉन्ते कास्सिनो मठातली, तिथल्या खास बेनेव्हेन्टन वळणाची. आज दोन्ही फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहेत, क्रमांक ६८.१ आणि ६८.२. एका माणसाने दोन वेगळ्या शतकांतली, दोन वेगळ्या देशांतली वळणं आणि कातडं बनवायचं, आणि त्यातली एक आपल्या मृत्यूनंतर (पोज्जो वारला १४५९ ला) पन्नास वर्षांनी जर्मन मठातून चोरीला जाईल अशी सोय करायची, हे जरा जास्तच झालं.

पण खरा घाव पोथ्यांचा नाही, धातूचा आहे. छापील आवृत्ती आली १४७० च्या आसपास व्हेनिसला. त्यानंतर जमिनीतून असे लेख निघाले, ज्यांत टॅसिटसने सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी जशाच्या तशा आहेत. तळटीपताई पिसोच्या खटल्यावर लिहिणार असतील तर मी थांबतो.

---

तळटीप

लिहिते. टॅसिटस तपासण्याची इतकी चांगली संधी दुसरी नाही, म्हणून जरा विस्ताराने.

जर्मेनिकस, टायबेरियसचा पुतण्या आणि दत्तक मुलगा, इ.स. १९ च्या १० ऑक्टोबरला अँटिओकजवळ वारला. मरताना त्याचा संशय सिरियाचा सुभेदार ग्नेयस पिसो आणि त्याची बायको प्लँकिना यांच्यावर होता. ॲनल्स २.६९ मध्ये घराच्या जमिनीतून आणि भिंतींतून काय निघालं याची यादी आहे: उकरलेल्या मृतदेहांचे अवशेष, मंत्र, जर्मेनिकसचं नाव कोरलेले शिशाचे पत्रे, अर्धवट जळलेली राख. नंतर रोमला सिनेटपुढे खटला चालला, आणि निकालाआधीच पिसो सकाळी गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. तलवार जमिनीवर.

हा खटला तिसऱ्या भागात आहे. शतकानुशतकं तो फक्त टॅसिटसच्या शब्दांत वाचायला मिळत होता. मग १९८० च्या दशकात दक्षिण स्पेनमध्ये कांस्याचे पत्रे हाती लागले, आणि १९९६ मध्ये त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं. सिनेटचा मूळ ठराव! मुख्य प्रत १७६ ओळींची, दिनांक १० डिसेंबर, इ.स. २०. ठरावातच हुकूम आहे की प्रत्येक प्रांताच्या सर्वांत गजबजलेल्या शहरात आणि प्रत्येक लिजनच्या (रोमन फौजेची मोठी तुकडी) हिवाळी छावणीत निशाणांपाशी हा कांस्यात कोरून लावावा. म्हणून तो स्पेनमध्ये सापडला.

आता दोन्ही शेजारी ठेवा.

ॲनल्स ३.१८ मध्ये एक बारकी गोष्ट आहे. मेसॅलिनस नावाच्या सभासदाने आभाराचा ठराव मांडला: टायबेरियस, त्याची आई ऑगस्टा (लिव्हिया), जर्मेनिकसची आई अँटोनिया, बायको अग्रिप्पिना, टायबेरियसचा मुलगा ड्रूसस. दुसऱ्या एका सभासदाने विचारलं, जर्मेनिकसचा भाऊ क्लॉडियस याचं नाव मुद्दाम गाळलंत का? तेव्हा कुठे ते शेवटी घातलं गेलं. कांस्यपत्र्यावर आभाराची लांबलचक यादी आहे, आणि क्लॉडियस तिच्या शेपटाला आहे. पंधराव्या शतकातल्या कुणा बनावटखोराला हे कुठून कळणार?

प्लँकिनाची सुटका लिव्हियाच्या शब्दावरून झाली, हे दोन्हीकडे आहे. सूर बघा मात्र. टॅसिटसकडे टायबेरियस लाजत, आईच्या विनवणीचा आडोसा घेऊन बोलतो, आणि सगळी भली माणसं आतून संतापतात. ठरावात सिनेट म्हणते की लिव्हियाने केवळ आमच्या सम्राटाला जन्म दिला म्हणून नव्हे, तर सर्व थरांतल्या लोकांवर थोर उपकार केले म्हणून तिचा शब्द मोठा. आणि एवढा अधिकार असून ती तो फार जपून वापरते. घटना एकच. एकीकडे सरकारी प्रेसनोट, दुसरीकडे प्रेसनोट वाचून कपाळाला हात लावणारा माणूस.

गफलत कुठे दिसते? कालक्रमात. टॅसिटसच्या मांडणीत खटला ड्रूससच्या मे महिन्यातल्या मिरवणुकीच्या आधी येतो, ठराव डिसेंबरचा आहे. यावर अभ्यासकांत अजून वाद आहे: खटला नंतर झाला, की खटला आधी आणि ठराव सावकाश निघाला.

आणि आता दुसऱ्या पेन्सिलीचा सर्वांत देखणा नमुना, ३.१६. वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय म्हणून तो सांगतो: पिसोच्या हातात बरेचदा एक कागद दिसे, त्यात टायबेरियसची जर्मेनिकसविरुद्धची पत्रं आणि हुकूम होते, आणि पिसोने आत्महत्या केली नाही, मारेकरी पाठवला गेला. लगेच पुढे: यातलं काहीही मी ठामपणे म्हणत नाही, पण माझ्या तरुणपणापर्यंत हयात असलेल्यांनी सांगितलेलं लपवणंही बरोबर नाही. झालं! जबाबदारी शून्य, परिणाम शंभर टक्के. ठरावात अर्थातच यातला एक शब्द नाही. पण ठराव ज्यांनी लिहिला त्यांनी तो घातला असता का, हाही प्रश्न आहेच.

---

मोडीप्रेमी

वाचनखूण साठवली.

आपल्याकडचा बखरी विरुद्ध अस्सल पत्रं हा वाद आठवला. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढताना जो आग्रह धरला, त्याच चाळणीतून इथे टॅसिटस काढला जातोय. फरक एवढाच की तो बखरकारापेक्षा चांगला उतरतो. त्याच्यासमोर सिनेटची दप्तरं होती, ॲनल्स १५.७४ मध्ये तो सिनेटच्या नोंदींत सापडलं असं स्पष्ट लिहितो.

पण भाषणांचं काय? बखरीतली संभाषणं आपण शब्दशः धरत नाही. त्याच्या पुस्तकांत तर पानोपानी भाषणं आहेत.

---

पोथीवाचक

भाषणं त्याची स्वतःची. ती त्या काळच्या इतिहासलेखनाची रीतच होती, वाचकालाही ठाऊक होती. तरी "बनावट" म्हणून झटकून टाकू नका, कारण एका भाषणाचा अस्सल मजकूर आपल्याकडे आहे. ल्यों शहरातल्या टेकडीवर १५२८ मध्ये कांस्यपत्रा निघाला: ४८ साली क्लॉडियसने सिनेटमध्ये गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) सरदारांना सभासदत्व द्यावं म्हणून केलेलं भाषण. हेच ॲनल्स ११.२४ मध्ये आहे.

पत्र्यावरचा क्लॉडियस म्हणजे विषय सोडून भरकटणारा प्राध्यापक. रोमचा राजा सर्व्हियस टुलियस हाच इट्रस्कन कथांमधला मास्तार्ना कसा, यावर घसरतो. पुढे तर स्वतःलाच नावाने हाक मारून बजावतो की बाबा रे, आता तुझं भाषण कुठे चाललंय ते सिनेटला सांगायची वेळ झाली. टॅसिटसने हे सगळं छाटलं. मास्तार्ना उडवला, उरलेलं आवळून बांधलं, सुरुवात क्लॉडियसच्या साबाइन पूर्वजापासून केली. गाभा तोच ठेवला: रोम परक्यांना सामावून घेत मोठं झालं, म्हणून आज नवं वाटतंय ते उद्या रूढ होईल.

म्हणजे नियम असा: भाषण खरोखर झालं असेल तिथे मुद्दे खरे, शब्द टॅसिटसचे. जिथे ऐकणारा रोमन कोणी नव्हताच, तिथे दोन्ही त्याचे. ॲग्रिकोलातलं शत्रू सरदार कॅल्गॅकसचं भाषण, "वाळवंट करतात आणि त्याला शांतता म्हणतात" वालं, या दुसऱ्या जातीचं.

---

हिरवा चाफा

म्हणजे "वाळवंट करतात आणि त्याला शांतता म्हणतात" हे टॅसिटसचं मत नाही?! हे तर फॉरवर्डमध्ये दर महिन्याला त्याच्या फोटोसह येतं.

---

तळटीप

फोटोही त्याचा नसणार. समकालीन अशी खात्रीची प्रतिमा उपलब्धच नाही.

वाक्य ॲग्रिकोला ३० मधलं. बोलणारा कॅलिडोनियाचा (स्कॉटलंड) सरदार कॅल्गॅकस, प्रसंग मॉन्स ग्रॉपियसची लढाई, साधारण ८३ साल. समोरच्या रोमन फौजेचा सेनापती म्हणजे टॅसिटसचा सासरा, आणि त्याचं कौतुक करायला तर हे पुस्तक लिहिलंय! लगेच पुढे ॲग्रिकोलाचं भाषण येतं आणि लढाई रोमन जिंकतात. तरीही इतकं धारदार वाक्य त्याने शत्रूच्या पदरात टाकलं, ही गंमत खरीच. पण "टॅसिटसचा साम्राज्याला विरोध होता" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरं फॉरवर्ड: "राज्य जितकं भ्रष्ट तितके कायदे जास्त." ॲनल्स ३.२७. हे वाक्य त्याचं स्वतःचं आहे, पण आधीचा अर्धा भाग कापून फिरतं. तो म्हणतो, आता केवळ सर्वांसाठीच नव्हे तर एकेका माणसाला धरूनही कायदे होऊ लागले, आणि राज्य सडलं तेव्हा कायद्यांचा सुकाळ झाला. रोख संख्येपेक्षा माणूस बघून केलेल्या कायद्यांवर आहे.

तिसरं, "सिने इरा एत स्तुदिओ", राग आणि लोभ दोन्ही न ठेवता. ॲनल्स १.१. याला लोक त्याची निःपक्षपातीपणाची शपथ समजतात. तो म्हणतोय ते मर्यादित आहे: या सम्राटांशी माझं वैयक्तिक देणंघेणं नाही. लोभ नाही हे मान्य. राग नाही हे टायबेरियसवरचे सहा भाग वाचून ज्याने त्याने ठरवावं.

---

बोरू

प्रभावाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मुद्दे टाकतो.

प्राचीन काळानंतर हजारेक वर्षं त्याला फार थोड्यांनी वाचलं. खरी चलती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १५७४ मध्ये यूस्टस लिप्सियसने संशोधित आवृत्ती काढली आणि नंतर ती सुधारत राहिला. वेळही तशीच होती: युरोपभर निरंकुश राजे, हेरगिरी, धर्मयुद्धं. मॅकियाव्हेलीची पुस्तकं १५५९ मध्ये चर्चच्या बंदी यादीत गेली होती. सत्तेच्या डावपेचांवर लिहायचं तर त्याचं नाव घेता येईना. टॅसिटसचं घ्यायला बंदी नव्हती. जुना रोमन, शाळेत लॅटिनसाठी शिकवलेला, कोण काय म्हणणार? त्यामुळे राजाला राज्य राखायचे धडे देणारेही त्याच्या आधाराने लिहीत आणि राजाला सोलून काढणारेही.

राणीचा कायदेविषयक सल्लागार फ्रान्सिस बेकन याचा किस्सा यातलाच. १५९९ मध्ये जॉन हेवर्डने चौथ्या हेन्रीवर पुस्तक लिहून ते अर्ल ऑफ एसेक्सला अर्पण केलं. एलिझाबेथ राणी भडकली: यात राजद्रोह आहे का? बेकन म्हणाला, राजद्रोह नाही दिसत, पण चोरी नक्की आहे, कारण बरीच वाक्यं टॅसिटसची उचललेली आहेत. राणीचं स्वतःचंही या लेखकाशी नातं होतं. लॅम्बेथ पॅलेसच्या ग्रंथालयातला ॲनल्सच्या पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद तिचा असल्याचं २०१९ मध्ये हस्ताक्षरावरून दाखवलं गेलं.

रंगभूमीला तर त्याने पोसलंच. बेन जॉन्सनचं सेजानसवरचं नाटक, रासीनचं 'ब्रिटॅनिकस' (१६६९), मॉन्टेव्हर्दीचा नीरोची बायको पॉपिया हिच्यावरचा ऑपेरा. फ्रेंच क्रांतीत, १७९३ च्या अखेरीस, कामीय देमूलॅंने आपल्या वर्तमानपत्रात रोमन सम्राटांच्या काळातल्या संशयाच्या खटल्यांचं वर्णन टॅसिटसवरून उतरवलं. वाचणाऱ्यांना कळायचं ते कळलं. पुढल्या एप्रिलमध्ये त्याचंही डोकं गेलं. आणि नेपोलियनला टॅसिटस अजिबात सोसत नसे. १८०८ मध्ये वायमारला कवी वीलंडपाशी त्याने त्याच्याबद्दल भरपूर तक्रार केली. एका सम्राटाला सतराशे वर्षांपूर्वीचा इतिहासकार टोचतो, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

---

हिरवा चाफा

आणि जर्मेनिया? नाझींनी वापरलं ते हेच ना?

---

पोथीवाचक

हेच. चौथ्या प्रकरणातलं एक वाक्य त्यांना हवं होतं: जर्मन लोक इतरांशी मिसळले नाहीत, फक्त स्वतःसारखेच असलेले वेगळे लोक आहेत. हे वाक्य उचलताना पुढची वीस प्रकरणं मिटून ठेवावी लागतात. तिथे हेच लोक युद्ध नसेल तेव्हा आळसात लोळतात, दिवसरात्र पितात, आणि फाशांच्या जुगारात शेवटचा डाव म्हणून स्वतःचं स्वातंत्र्य लावून गुलाम होतात (प्रकरण २४).

शिवाय पुस्तकाचा रोख रोमकडे आहे. तिथे चांगल्या चाली चांगल्या कायद्यांहून बलवान आहेत, तिथे दुर्गुणांवर कोणी हसत नाही, अशी वाक्यं रोमन वाचकाला टोमणा म्हणून आहेत. हा टोमणा गळून पडला आणि उरलं वंशाचं प्रमाणपत्र.

पोथीचीही कथा आहे. १९०२ मध्ये इटलीतल्या येझी गावी काउंट बाल्लेआनींच्या ग्रंथसंग्रहात एक पोथी सापडली. तिच्यात ॲग्रिकोलाची काही पानं थेट नवव्या शतकातली आणि जर्मेनियाची प्रत पंधराव्या शतकातली. हिटलरला ती हवी होती. युद्धाच्या काळात एसएसच्या तुकडीने बाल्लेआनींचा वाडा उलटापालटा केला, पोथी हाती लागली नाही. पुढे १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरात भिजली. आज रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

याच्या उलट बाजूचंही सांगायला हवं. इ.स. ९ मध्ये जर्मन सरदार आर्मिनियसने तीन रोमन लिजन कापल्या ती जागा 'टॉइटोबुर्गचं रान' या नावाने फक्त टॅसिटस सांगतो (ॲनल्स १.६०). सहा वर्षांनी जर्मेनिकस तिथे गेला आणि उघड्यावर पांढरी पडलेली हाडं पुरली, असं पुढे आहे. जर्मनीतल्या काल्क्रीझेच्या उत्खननात हाडांचे खड्डे निघाले, आणि ती हाडं पुरण्याआधी काही वर्षं उघड्यावर पडलेली होती.

---

खवचट खारीक

पोज्जोचा मुद्दा मागे घेतो. आता कामाचं: लॅटिन येत नाही, कुठला अनुवाद? आणि नावांचा गोंधळ कसा सोडवायचा? सगळेच ड्रूसस आणि सगळ्याच अग्रिप्पिना.

---

तळटीप

चर्च आणि ब्रॉड्रिब यांचा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो. वाचनीय आहे, पण इस्त्री केलेला. मुळात वाक्य मुद्दाम लंगडतं, क्रियापद गायब असतं, दोन जोडीच्या शब्दांतला एक नाम तर दुसरा अख्खं उपवाक्य असतो. इस्त्रीत ते जातं. मायकल ग्रँटचा त्याहून गुळगुळीत. टॅसिटसची खडबड हवी तर वुडमनचा (२००४). इंग्रजी अडखळतं, कारण लॅटिन अडखळतं. लोएब मालिकेत डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी; "फोर्टासे", "फामा", "क्रेडेबातुर" (कदाचित, वार्ता, समजलं जाई) एवढे शब्द ओळखू आले तरी दुसऱ्या पेन्सिलीचं काम भागतं.

संदर्भ देताना पान क्रमांक देऊ नका. भाग आणि प्रकरण द्या, सगळ्या आवृत्त्यांत तेच असतात.

नावं: निदान तीन पिसो वेगळे ठेवा. ग्नेयस, वर सांगितलेला, २० साली मेला. गायस, नीरोविरुद्धच्या कटाचा म्होरक्या, ६५. आणि सम्राट गॅल्बाने दत्तक घेतलेला, जो ६९ च्या जानेवारीत पाच दिवसांतच मारला गेला. अग्रिप्पिना दोन: थोरली जर्मेनिकसची बायको, धाकटी तिची मुलगी आणि नीरोची आई. वंशवेल वहीच्या आतल्या कव्हरवर काढून ठेवा, दर पानाला लागते.

क्रम माझ्या मते असा: ॲग्रिकोला, मग ॲनल्स १ ते ४, त्यात ४.३४ - ३५ वर थांबायचं. क्रेमुटियस कॉर्डस नावाच्या इतिहासकारावर खटला: गुन्हा काय, तर सीझरला मारणाऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केली आणि कॅसियसला "शेवटचा रोमन" म्हटलं. त्याने उपास करून प्राण सोडला, पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. प्रती लपवल्या गेल्या आणि नंतर पुन्हा बाहेर आल्या. यावर टॅसिटस म्हणतो की आजच्या सत्तेने उद्याची आठवण विझवता येते असं मानणाऱ्यांचं हसू येतं. इथे पहिली पेन्सिल निर्धास्त वापरा.

---

मोडीप्रेमी

भारताचा उल्लेख कुठे?

---

बोरू

थेट नाही, आडून. ॲनल्स ३.५३, इ.स. २२: चैनीवर कायदा करा म्हणणाऱ्या सिनेटला टायबेरियस पत्र लिहितो. त्यात बायकांच्या रत्नांचा विषय आहे, ज्यांच्यापायी आपला पैसा परक्या, अगदी शत्रू लोकांकडे जातो. देशाचं नाव नाही, म्हणून "टायबेरियसने भारताविरुद्ध तक्रार केली" असं लिहू नये. पण भारताकडे वर्षाला ५ कोटी सेस्टर्स जातात हा थोरल्या प्लिनीचा आकडा आणि दक्षिण भारतात ऑगस्टस व टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यांचे सापडलेले साठे शेजारी ठेवले की अंदाज येतो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती याच व्यापाराची.

---

पोथीवाचक

जाता जाता, टॅसिटसमुळे नकाशावर काय काय आलं बघा.

ॲग्रिकोलातल्या लढाईची जागा "ग्रॉपियस". पंधराव्या शतकातल्या एका छापील आवृत्तीत ते चुकून "ग्रॅम्पियस" झालं, आणि स्कॉटलंडच्या अख्ख्या डोंगररांगेला ग्रॅम्पियन हे नाव चिकटलं. खरी रणभूमी कुठे, यावर अजून एकमत नाही.

दुसरं त्याहून जुनं. ॲनल्स ४.७३ मध्ये फ्रिझियन लोकांच्या उठावाबद्दल एक साधा शब्दसमूह आहे: "आद सुआ तुतांदा", म्हणजे आपापलं राखण्यासाठी. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात त्याच भागात 'सियातुतांदा' नावाचं गाव आहे. लॅटिन नीट न समजलेल्या कुणीतरी त्या शब्दांचं गाव केलं, ही यावरची जुनी उपपत्ती. टॉलेमीने त्याचे अक्षांश-रेखांशही दिले आहेत.